बाकीचे चार कुठे होते?

१९९८ चा जून, सोमवारची सकाळ. आठ वाजत आले होते. आमच्या घरी केबल नव्हती, म्हणून मी पहाटे पाचपासून शेजारच्या काकूंकडे ठाण मांडून बसले होते. काकू एक डोळा टीव्हीवर आणि एक गॅसवरच्या दुधावर ठेवून होत्या. काका गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून दारात उभे राहिले होते. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची अंतिम फेरी. युटाच्या मैदानात शिकागो बुल्स एका गुणाने मागे. बुल्सच्या मायकेल जॉर्डनने युटाच्या कार्ल मलोनच्या हातातून चेंडू काढून घेतला, संथपणे पुढे आला, उजवीकडे मुसंडी मारून झटकन थांबला आणि उडाला. ८७–८६. घड्याळात ५.२ सेकंद उरले होते. काकूंचं दूध उतू गेलं आणि त्या चक्क हसल्या.

मी सायकल काढली ती थेट ग्राउंडवर गेले. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे सर फक्कीने रेषा मारत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. चेंडू कसा काढला, कसा थांबला, हात हवेत कसा तसाच राहिला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. फक्कीची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "बाकीचे चार कुठे होते?"

मला सांगता येईना. मी पाहिलंच नव्हतं.

दोन दिवसांनी सरांनी कुणाकडे तरी जाऊन त्या सामन्याचं पुन:प्रक्षेपण पाहिलं आणि सराव थांबवून आम्हा मुलींना जमिनीवर खडूने काढून दाखवलं. बुल्सचाच स्टीव्ह कर तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा होता, नुसता उभा. पण आदल्या वर्षीच्या निर्णायक सामन्यात जॉर्डनला अडवायला युटाचा स्टॉकटन करला सोडून गेला होता, जॉर्डनने करला पास दिला होता आणि करने टोपली केली होती. स्टॉकटन ते विसरणं शक्य नव्हतं. या वेळी तो करजवळच राहिला आणि जॉर्डनसमोर एकच माणूस उरला. "हा कर," सर खडूच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "काही न करता खेळतोय."

त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मला एकवीस वर्षं थांबावं लागलं. शनिवार, ५ ऑक्टोबर २०१९. पुण्याहून मुंबई, मुंबईहून पुणे. सोबत सर होते.

भारतात एनबीए बघणाऱ्या माणसाचं आयुष्य सकाळचं असतं. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली पहाट. माझी वीसेक वर्षं अशीच गेली. कुकरच्या शिट्ट्या मोजत पहिला क्वार्टर, मुलाच्या डब्याची पोळी लाटत दुसरा, आणि चौथा रंगात आलेला असताना ऑफिसची बस. कितीतरी सामन्यांचा शेवट मी फोनवर नुसत्या आकड्यांत बघितला आहे. त्यामुळे इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळणार, तेही संध्याकाळी, हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं ते हे, की हा खेळ माझ्या घड्याळाप्रमाणे होणार आहे. मला कुठलंही काम अर्धं टाकून तो बघावा लागणार नाही.

मी सरांना फोन केला. ते तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली.

"कोण कोण खेळतंय?"

"इंडियाना आणि सॅक्रामेंटो, सर."

"म्हणजे फार मोठा स्टार नाही कुणी."

"नाही."

"मग बरं आहे," सर म्हणाले. "खेळ बघता येईल."

तिकिटं मी काढली. सरांनी आकडा विचारला, मी सांगितला नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. फक्त निघायच्या दिवशी पहाटे स्टेशनवर माझ्या हातात एक जड पिशवी दिली. आत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन पेरू आणि खिशात मावेल अशी एक वही. ती वही मी लगेच ओळखली.

कॉलेजात असताना सर अशाच वहीत नोंदी करायचे. गुण ते लिहीत नसत, गुण लिहायला स्कोअरर असतो. ते लिहायचे स्क्रीन किती लावल्या, पडलेल्या चेंडूवर कोण झेपावलं, मदतीला कोण धावलं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आपल्या खेळाडूला मोकळी वाट मिळावी म्हणून त्याच्या पाठलागावर असलेल्या माणसाच्या रस्त्यात भिंतीसारखं उभं राहायचं, याला स्क्रीन म्हणतात. भिंतीने हलायचं नाही. समोरचा येऊन आदळतो, तो आघात छातीवर घ्यायचा. गुणफलकावर याची नोंद होत नाही. मी आमच्या संघातली नववी खेळाडू होते. विभागीय स्पर्धेत मला एकदा चार मिनिटं मिळाली. एकही गुण केला नाही. सामना झाल्यावर सरांनी वही उघडून दाखवली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "स्क्रीन २, दोन्ही चांगल्या." ते अक्षर मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

डेक्कन क्वीनमध्ये नवरात्राचा सातवा दिवस होता. त्या शनिवारचा रंग करडा, म्हणून नोकरीवर निघालेल्या बायकांच्या करड्या साड्या आणि ओढण्यांनी अख्खा डबा भरलेला. सगळ्यांच्या फोनवर आरेतल्या झाडांची बातमी होती, रात्रीतूनच तोड सुरू झाली होती, आणि डब्यात त्यावर तावातावाने बोलणं चाललं होतं. सर खिडकीशी बसून घाट बघत होते. पाऊस अजून पुरता गेलेला नव्हता, कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा उतरत होत्या.

आदल्या दिवशीचा, शुक्रवारचा पहिला सामना मी टीव्हीवर पाहिला होता. एनबीएचा भारतातला पहिलावहिला सामना. त्या दिवशी सगळं प्रेक्षागृह शाळेच्या मुलांना दिलेलं होतं, ३,००० हून अधिक मुलं. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२–१३१ असा एका गुणाने जिंकला. टी. जे. वॉरनने ३० गुण केले. पण माझ्या कानात राहिला तो मुलांचा आवाज. मोठ्या माणसांची गर्दी ओरडते तेव्हा आवाज खालून येतो. हा सगळा वरच्या पट्टीतला होता, मधल्या सुट्टीत शाळेवरून जाताना येतो तसा. कुठला खेळाडू कोण, हे त्यातल्या बहुतेकांना माहीत नसणार. चेंडू जाळीतून गेला की ओरडायचं, कोणत्याही बाजूचा असो. मला हेवा वाटला.

सामना संध्याकाळी होता, तरी आम्ही सकाळीच पोचलो. सरांना आधी नागपाड्याला जायचं होतं.

मुंबईच्या बास्केटबॉलचं घर म्हणजे नागपाडा. हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. दाटीवाटीची वस्ती, हातगाड्या, गॅरेजं, आणि मधोमध कोर्ट. अमेरिकन मराठी मिशनने १९२० च्या दशकात इथे नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं, वस्तीतल्या कष्टकरी कुटुंबांसाठी. टाटा समाजविज्ञान संस्थाही १९३६ मध्ये इथेच सुरू झाली. वस्तीतल्या पोरांच्या हाती इथे बास्केटबॉल आला आणि त्यांनी तो असा काही आपलासा केला की पिढ्यान् पिढ्या भारताच्या संघात नागपाड्याची नावं दिसत राहिली. भारताचे कर्णधार गुलाम अब्बास मुंतसिर इथलेच. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

सर त्याच सुमारास, बाविसाव्या वर्षी, पुण्याच्या एका संघातून इथे खेळायला आले होते. हरले होते. किती गुणांनी ते सांगत नाहीत. पण तो सामना त्यांना पास-पास आठवतो.

दुपारी बाराचं ऊन. कोर्टवर दहा-बारा वर्षांची पाच-सहा मुलं होती, शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटलेली. एकाच्या पायात चपला, एक अनवाणी. चेंडू इतका वापरलेला की त्याचे दाणे गेलेले, नुसता गुळगुळीत. सर जाळीला हात धरून उभे राहिले. मुलांना वाटलं कुणाचे तरी आजोबा आले.

"इकडे," सर मला म्हणाले आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "इथे त्यांचा एक पोरगा उभा राहायचा. चेंडू मागायचा नाही, ओरडायचा नाही. मी त्याला धरला होता. पहिल्या हाफमध्ये त्याने चेंडूला जेमतेम चारदा हात लावला असेल. मी म्हटलं, याला कशाला सांभाळायचं? मधे मदतीला गेलो." सर थांबले. "मग त्याने पाच टोपल्या केल्या. ओळीने."

तेव्हा मला कळलं की १९९८ चा तो प्रश्न जॉर्डनच्या सामन्यातून आलेला नव्हता. तो इथून, या कोपऱ्यातून आला होता. अठ्ठावीस वर्षं आधी.

चेंडू उसळून आमच्याकडे आला. सरांनी तो उचलला, तळव्यावर फिरवून बघितला आणि दोन्ही हातांनी छातीपासून पास दिला, सरळ रेषेत. ज्या मुलाने झेलला त्याने एकदा चेंडूकडे आणि एकदा सरांकडे बघितलं.

जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या शाळेत हा खेळ रचला, तेव्हा पीचच्या टोपल्या गॅलरीला ठोकल्या ही गोष्ट सगळे सांगतात. सर मात्र आम्हाला पहिल्या दिवशी टोपल्यांबद्दल सांगत नसत. ते नियम सांगत. नेस्मिथच्या तेरा नियमांतला एक असा की चेंडू हातात घेऊन पळता येणार नाही. जिथे पकडला तिथूनच फेकायचा. "म्हणजे बघा," सर म्हणायचे, "ज्याच्याकडे चेंडू आला तो अडकला. पळायचं ते बाकीच्यांनी." ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पुढे नेणं, नंतर आलं, पण खेळाचा पाया हा आहे. बास्केटबॉलबद्दल इतकं खरं वाक्य मी नंतर कुठेही वाचलेलं नाही.

इराण्याकडे चहा घेऊन आम्ही काळी-पिवळी केली. हाजीअलीला समुद्राचा वारा लागला आणि सर टॅक्सीत पाच मिनिटं झोपले.

गेटवर खायचे पदार्थ आत नेता येत नाहीत असं सांगितलं. डबा टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता. मग रस्त्याच्या कडेला, फुटपाथच्या कट्ट्यावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. समोरून जर्सी घातलेली माणसं जात होती. लेकर्सच्या, वॉरियर्सच्या, बुल्सच्या. पेसर्स आणि किंग्जच्या त्या मानाने कमी. शिलाँगहून आलेली चार मुलं आमच्याच कट्ट्यावर टेकली. त्यांचा मुंबईपर्यंतचा प्रवास ऐकून मला आमचा साडेतीन तासांचा प्रवास सांगायचं धाडस झालं नाही. सरांनी त्यांना पेरू कापून दिला. एकाने विचारलं, "अंकल, आप भी फॅन हैं?" सर म्हणाले, "मैं टीचर हूँ."

डोम आतून गोल आहे, आणि अमेरिकेतल्या अवाढव्य स्टेडियमांच्या मानाने लहान. हीच त्याची कमाई. आमची जागा वरची, स्वस्तातली, तरी कोर्ट असं समोर पसरलेलं जणू गच्चीवरून अंगण बघावं. याच घुमटाखाली २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला होता. आणि आमच्या त्या शनिवारनंतर काही महिन्यांतच इथे करोनाच्या रुग्णांसाठी खाटांच्या रांगा लागल्या. वर्तमानपत्रात तो फोटो आला तेव्हा मी खूप वेळ बघत बसले. ही रांग जिथे आहे तिथे फ्री थ्रोची रेषा होती, असं मनाशी लावत.

सराव सुरू झाला आणि आवाज आला. टीव्हीवर तो कधी कळत नाही. आम्ही सिमेंटवर खेळलो. तिथे चेंडूचा आवाज कोरडा, थाडकन येतो, आणि खेळून झाल्यावर तळवे काळे होतात. लाकडी फळ्यांवर चेंडू आपटतो तेव्हा खालून पोकळ घुमारा येतो, मृदंगाच्या धुमेसारखा. वीस चेंडू एकाच वेळी. सरांनी डोळे मिटले होते. मी काही बोलले नाही.

बडी हिल्ड एका जागेवरून फेकत होता. बहामाजचा हा मुलगा, तेव्हा किंग्जचा हुकमी नेमबाज. जागा न सोडता एक, दोन, पाच, सात. मग दोन पावलं सरकून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या टोकाला डोमांटस सबोनिस, पेसर्सचा. सर एकदम पुढे झुकले. "सबोनिस म्हणजे, त्या सबोनिसचा?" त्याचाच. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेला उपांत्य फेरीत हरवलं, त्या संघाचा आधारस्तंभ आर्विडास सबोनिस, त्याचा मुलगा. सरांनी ती बातमी तेव्हा कापून ठेवली होती. "पोरगा डावखुरा आहे," ते म्हणाले आणि वही उघडली.

पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये या दोघांची अदलाबदल झाली. सबोनिस किंग्जकडे गेला, हिल्ड पेसर्सकडे, आणि त्याच व्यवहारात टायरीज हॅलिबर्टनही इंडियानाला गेला. किंग्जना सोळा हंगाम प्लेऑफचं, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचं तोंड दिसलेलं नव्हतं, ते २०२३ मध्ये दिसलं. पेसर्स २०२५ मध्ये अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत पोचले आणि ओक्लाहोमा सिटीकडून हरले. त्या सामन्यात हॅलिबर्टनच्या टाचेची शीर तुटली, ते मी पुन्हा सकाळीच पाहिलं, पोळ्या लाटता लाटता. हे सगळं व्हायचं होतं. त्या संध्याकाळी ते दोघं फक्त एकाच लाकडी जमिनीच्या दोन टोकांना चेंडू फेकत होते.

किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मलेले, जुहूत वाढलेले. २०१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह हा संघ घेतला आणि तो सिएटलला जायचा राहिला. त्यांची एक गोष्ट मला संघ विकत घेण्यापेक्षा जास्त आवडते. आपल्या मुलीच्या शाळकरी संघाला ते शिकवत होते. मुली उंच नव्हत्या, फार कुशलही नव्हत्या. मग त्यांनी पूर्ण कोर्टभर दाबून धरायचा डाव शिकवला. समोरच्यांना चेंडू नीट आत आणूच द्यायचा नाही. ही गोष्ट मी सरांना सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे पाचही जणींना पळवलं. छान."

सामना सुरू झाला आणि पहिली पाच मिनिटं मला काहीच कळेना. वीस वर्षं कॅमेरा माझ्यासाठी बघत होता. चेंडू जाईल तिकडे तो जायचा आणि मी त्याच्या मागे. आता कॅमेरा नव्हता. डोळे सवयीने चेंडूच्या मागे धावत आणि पोचेपर्यंत टोपली झालेली असे. त्यांचा वेग अंगावर येत होता. एवढी उंच माणसं एवढी हलकी कशी, हेच मन विचारत राहिलं.

"चेंडू सोड," सर म्हणाले. "एक माणूस धर. त्याच्याकडेच बघ."

मी पेसर्सचा एक उंच खेळाडू धरला. चेंडू पलीकडे होता. तो इकडे आपल्या एका गार्डसाठी, म्हणजे बाहेरच्या बाजूने खेळणाऱ्या साथीदारासाठी, स्क्रीन लावायला आला. पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद, हात छातीशी आवळलेले. गार्ड त्याच्या अंगाला घासून गेला. खांदा कमरेशी, मधून कागदाचा कपटाही गेला नसता. पाठलाग करणारा येऊन भिंतीवर आदळला, तो धक्का वरपर्यंत ऐकू आला. पण पास गेलाच नाही. चेंडू दुसरीकडे गेला. या उंच माणसाने मान वळवून तेवढं बघितलं, सरळ दुसऱ्या बाजूला पळाला आणि तिथे पुन्हा भिंत होऊन उभा राहिला. तिथेही पास आला नाही. मग तिसरीकडे. चोवीस सेकंदांच्या त्या डावात त्याने तीन वेळा अंग आदळून घेतलं, चेंडूला एकदाही बोट लावलं नाही, आणि टोपली केली ती भलत्याच खेळाडूने. सगळं डोम त्या भलत्यासाठी ओरडलं. उंच माणूस तोवर माघारी पळत होता.

माझे डोळे भरून आले. कारण तसं काही नव्हतं. हंगामापूर्वीचा एक सरावाचा सामना, निकाल कुठेही धरला न जाणारा. पण मी नववी खेळाडू होते आणि हा माणूस काय करत होता ते मला अंगाने माहीत होतं.

बचावात तर याहून नवल. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला धरणारा माणूसही एक पाय आत, एक हात बाहेर ठेवून उभा. चेंडू जसा सरकेल तसे पाचही जण एकत्र सरकत. सर आम्हाला हे कबड्डीतून शिकवायचे. चढाई करणारा आत आला की साखळी कशी एका बाजूने आवळते आणि दुसरा कोपरा कसा मागे राहतो, तसं. सिमेंटच्या कोर्टवर आम्ही एकमेकींच्या हाताला ओढणी बांधून तो सराव केला होता, म्हणजे एक हलली की सगळ्यांना हलावंच लागे. आता जगातले सगळ्यात मोठे खेळाडू तेच करत होते, ओढणीशिवाय. आणि सतत बोलत होते. "लेफ्ट! लेफ्ट!" "स्विच!" टीव्हीवर समालोचक बोलतो म्हणून आपल्याला वाटतं खेळाडू गप्प असतात. ते पाणवठ्यावरच्या बायकांसारखे अखंड बोलतात.

दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर मी सरांच्या वहीत डोकावले. दोन रकाने, रेघारेघांच्या जुड्या, चार उभ्या आणि एक आडवी. पहिला क्वार्टर भरलेला. दुसऱ्यात काही रेघा आणि मग कोरं पान. पेन टोपण लावून खिशात.

"काय झालं, सर?"

"होत नाही मोजून." त्यांचा आवाज जरा वेगळा लागला. "प्रत्येक वेळी सगळेच काहीतरी करतायत. कुणाचं लिहू?"

मध्यंतरात गाणी झाली, नाच झाला, लोक खायला बाहेर गेले. सर जागचे उठले नाहीत. कोर्ट पुसणारी दोन मुलं होती, घाम सांडेल तिथे पळत जाऊन पुसणारी. सर त्यांच्याकडे बघत होते.

मध्यंतरानंतर पेसर्स कुणाच्या हाती लागले नाहीत. शेवटी १३०–१०६. निकाल ठरल्यावर लोक उठायला लागले. वरळीचं ट्रॅफिक, रात्र, शनिवार. आणि नेमकं तेव्हाच सर खुर्चीच्या कडेवर सरकले. दोन्ही संघांच्या बाकावरची शेवटची पोरं आत आली होती.

यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. एनबीए संघात हंगामभर पंधरा जणांना नेहमीचा करार असतो. पण तेव्हा, २०१९ मध्ये, हंगामाआधीच्या शिबिरात वीस जण असू शकत. म्हणजे त्यातल्या काहींना दोन-तीन आठवड्यांत घरी जायचं असतं. ज्या सामन्याला प्रेक्षक गंमत समजतात तो त्यांच्यासाठी नोकरीची मुलाखत असतो. अंतर वीसच्या वर आणि एक पोरगा बाहेर जाणाऱ्या चेंडूवर आडवा झेपावला. कोर्टाच्या बाहेर, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांपर्यंत घसरत गेला. चेंडू वाचला नाही. उठला, कोपर झटकलं, पळाला. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या आसपास अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शिलाँगची मुलं खालच्या रांगेत होती, त्यांनी वळून सरांकडे बघितलं आणि तीही उभी राहिली.

सरांनी वही काढली. त्या पोराचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, वरून पाठीवरचं नीट वाचता आलं नाही. सरांनी लिहिलं, "झेप १, चांगली."

डोम रिकामं होईपर्यंत आम्ही बसून राहिलो. खाली माणसं टोपलीचा खांब वाकवत होती.

दादरहून रात्री उशिराची पुण्याची बस मिळाली. पनवेल सोडेपर्यंत सर गप्प होते, मला वाटलं झोपले. मग अंधारात म्हणाले, "तू शेवटच्या वर्षी स्क्रीनवरून येताना अंतर ठेवायचीस. एक हात अंतर. मी तुला कितीदा सांगितलं."

"धडक लागेल असं वाटायचं, सर."

"माहीत आहे."

एक्स्प्रेसवेवर बस दहा मिनिटं थांबली. साडेबारा वाजून गेले असतील. लोक वडापावच्या रांगेत गेले. फूड मॉलच्या बाजूला मोकळी फरसबंदी होती, वर पिवळा दिवा. सर चहाचा कप कठड्यावर ठेवून तिथे गेले, पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद करून उभे राहिले आणि दोन्ही हात छातीशी आवळून घेतले.

"ये," ते म्हणाले.

"सर, इथे?"

"ये गं. डावीकडून."

मी पर्स खाली ठेवली. चप्पल काढली. चार पावलं मागे गेले आणि पळत आले. त्यांच्या शर्टाला कोंदट गाडीचा आणि चटणीचा वास येत होता, तो मला आला, म्हणजे मी तेवढी जवळून गेले. माझा खांदा त्यांच्या कमरेला घासला. ते हलले नाहीत.

"पुन्हा," सर म्हणाले. "जरा वाक."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी पुन्हा चार पावलं मागे गेले.